न उचललेला भंडारा

‘आरोपीने पोलिसांच्या प्रश्नांना उत्तर दिले नाही, एवढ्यावरून तो दोषी आहे असा निष्कर्ष काढता येणार नाही,’ मॅडम म्हणाल्या, आणि ‘निष्कर्ष’ या शब्दापाशी माझी बोटं थांबली. बारामतीच्या कोर्टात स्टेनो म्हणून मी वर्षानुवर्षं हेच करत आले आहे. न्यायाधीश बोलतात, मी टंकते, आणि भाकरी थापणाऱ्या बाईचं जसं स्वतःच्या हातांकडे लक्ष नसतं तसं माझंही नसतं. हे वाक्य तर इतकं ओळखीचं की ‘आरोपीने’ एवढं कानावर पडलं तरी बोटं पुढची वाट आपण होऊन धरतात. आज धरली नाही. पिंजऱ्यातला माणूस कसल्याशा केबलचोरीतला होता. आपल्याबद्दल काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं, तो वरच्या पंख्याकडे बघत होता. ‘मनिषाताई, घेतलंत ना?’ मॅडमनी विचारलं. ‘हो मॅडम,’ मी म्हटलं. घेतलं नव्हतं. पायाशी ठेवलेल्या पिशवीला माझा पाय लागला होता आणि तो मी चटका बसल्यासारखा मागे घेतला होता, कारण पिशवीत डब्याशेजारी आबांनी फडक्यात बांधून दिलेला बिरोबाचा भंडारा होता. देवाच्या हळदीला पाय लागला तर काय करायचं हे मला कुणी शिकवलेलं आठवत नाही, अंगातच असतं ते. भर कोर्टात, घटनेतल्या हक्काचं वाक्य अर्धवट सोडून, मी टेबलाखाली वाकले, पिशवीला हात लावला आणि तो कपाळाला नेला. मॅडमना वाटलं, माझं पेन पडलं.

या शनिवारी जमलं नाही म्हणून काल, रविवारी, मी शेळगावला गेले होते. गावाबाहेर आमची वस्ती आहे, आबा म्हणजे माझे वडील तात्याबा, आणि आई भामाबाई, दोघंच राहतात. आबांच्या वडिलांनी जन्मभर मेंढरं घेऊन मुलूख पालथा घातला. आबांनी विहीर पाडली, ऊस लावला आणि घर बांधून एका जागी बसले, पण हौस म्हणून थोडी मेंढरं ठेवलीच. गेल्या महिन्यात गुडघ्यांनी अगदीच दगा दिला तेव्हा तीही विकली. मेंढरांभोवती लावायची जाळी, वाघर, गुंडाळून भिंतीशी उभी केली होती आणि आबा तिच्याकडे तोंड करून बसले होते. रिकाम्या जागेतून लेंड्यांचा वास अजून येत होता. मी पाणी प्यायले, आईशी बोलले, तरी ते वळले नाहीत. मग एकदम म्हणाले, ‘त्यो कुठं हाय, तुला ठावं आसंल.’ घरात माझ्या भावाचं, शंभूराजचं, नाव निघत नाही. जवळजवळ दोन वर्षं तो नुसता ‘त्यो’ आहे, आणि तेही आईच्या तोंडी. आबांच्या तोंडून ‘त्यो’ मी पहिल्यांदाच ऐकलं. ‘वडगाव निंबाळकरला हाय,’ मी म्हटलं, ‘एका शेळ्यांच्या फार्मवर.’ ‘शेळ्या?’ आबा म्हणाले. मेंढरांच्या घरचा मुलगा शेळ्या सांभाळतो, याचं दुःख त्यांना चोरीच्या आळाइतकंच झालं असावं. मला हसू आलं आणि मी ते गिळलं. तेव्हाच त्यांनी बंडीच्या खिशातून ती पुरचुंडी काढली.

‘ह्यो घिऊन जा. बिरोबाच्या फुडचा हाय. तुझ्यासमोर उचलू दे. म्या केलं न्हाय, येवढंच म्हणू दे. मला तितकं बास. मग दार उघडं हाय.’

‘आन् न्हाय उचलला तर?’

‘न्हाय उचलला तर मला येऊन सांगू नगंस,’ आबा म्हणाले आणि पुन्हा वाघरीकडे बघायला लागले.

आई मला फाट्यापर्यंत सोडायला आली. एरवी ती वाटेत शेजारणींच्या कागाळ्या सांगते, काल गप्प होती. एसटी दिसली तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. ‘मने, कसं बी करून आण त्याला. खोटा उचलला तरी चालंल मला. द्येवाचं काय आसंल ते मी बगीन.’ मी गाडीत चढले. ज्या बाईनं जन्मभर बिरोबाला नैवेद्य दाखवल्याशिवाय तोंडात घास घातला नाही, ती देवाशी भांडायला पदर खोचून तयार होती. काटेवाडी येईपर्यंत मी तिचाच विचार करत होते. आणि पुरचुंडी मांडीवर धरून स्वतःलाही विचारत होते, की मी आईपेक्षा वेगळी आहे का. नव्हते. मलाही तो घरी हवा होता. कायदा, देव, चोरी, सगळं त्याच्यानंतर.

आमच्यात बेल-भंडारा उचलणं म्हणजे शेवटचा शब्द. देवापुढची हळद तळहातावर घेऊन माणूस जे बोलेल ते खरं, त्याच्यापुढे पंचायत नाही, साक्ष नाही. भावकीतल्या बांधांच्या भांडणांपासून मोडलेल्या सोयरिकींपर्यंत सगळं त्या चिमूटभर हळदीवर मिटलेलं मी लहानपणापासून पाहिलं आहे. आणि जो उचलत नाही, त्याला कुणी काही विचारतही नाही. त्याचं ठरलेलं असतं. दोन वर्षांपूर्वी वस्तीवरच्या बिरोबाचं चांदीचं छत्र चोरीला गेलं, त्या आठवड्यात पूजेची पाळी आमच्या घरची होती आणि गाभाऱ्याची किल्ली शंभूकडे होती. परगावच्या पोलिसांचं एक पथक आलं आणि त्याला दूध घालायला गेला होता तिथून उचलून घेऊन गेलं. का नेलं, कुठं नेलं, कुणी सांगितलं नाही. आई त्याचा स्वेटर घेऊन ठाण्यावर गेली, तर असा कुणी माणूस इथे नाही म्हणाले. ती स्वेटर छातीशी धरून परत आली. दोन रात्री अशा गेल्या. कुणालाही धरलं तर चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभं करावं लागतं आणि का धरलं ते त्याला सांगावं लागतं, हे वाक्य मी किती वेळा टंकलं असेल. आमच्या घरातल्या माणसासाठी ते कधी लागेल, हे मनात आलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन आला, त्याला देवळात आणलंय म्हणून, आणि मी होते तशी निघाले.

मी पोचले तेव्हा अख्खी वस्ती देवळापुढे होती. फौजदार आमच्याच बाजूच्या मुलखातला असावा, त्याला सगळं माहीत होतं. आवाज मऊ, कपाळाला गंध. त्यानं काठी उगारली नव्हती, शिवी दिली नव्हती. ‘लेकरानं भंडारा उचलावा आणि घरी जावं, माझं काही म्हणणं नाही,’ तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होता, आणि माणसं माना डोलवत होती. असला सज्जन पोलीस बघितला नाही, असं एक म्हातारा माझ्या देखत म्हणाला. मी पुढे गेले आणि म्हटलं, साहेब, असं करता येत नाही, याला आधी कोर्टापुढे न्यायला हवं, त्याला बोलायची सक्ती करता येत नाही. फौजदार माझ्याकडे बघून हसला. ‘ताई, आम्ही हात तरी लावला का? देवापुढे उभा केलाय फक्त.’ वस्तीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच देवाच्या आड आले होते. मग त्यानं बेल-भंडाऱ्याचं ताट उचललं आणि ते आबांच्या हातात दिलं. ‘आबा, तुम्हीच धरा.’ आबांनी ते घेतलं. लगेच घेतलं, हेच मला अजून दिसतं. फेट्याचा शेमला मागे टाकला, ताट दोन्ही हातांनी धरलं आणि मुलाच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा उजळलेला होता. आता माझा पोरगा उचलील आणि सगळ्यांची तोंडं बंद होतील, असा तो चेहरा होता. शंभूच्या अंगात मळका शर्ट होता, डोळे जागरणानं तांबारलेले होते. त्यानं ताटाकडे पाहिलं नाही. आबांच्या तोंडाकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग खाली जमिनीकडे. ‘उचल की,’ आबा म्हणाले. ‘उचल लेकरा.’ तो हलला नाही. ताटातला भंडारा वाऱ्यानं आबांच्या सदऱ्यावर उडत होता. शेवटी फौजदारानंच अगदी अलगद ताट काढून घेतलं.

पुढचं झपाट्यानं झालं. ‘घर बगा माझं,’ आबा ओरडले, ‘कागद-बिगद काय नगं, झडती घ्या.’ पथकाची जीप सकाळपासून आमच्या घरामागे, कडब्याच्या गंजीशी उभी होती. पंच म्हणून सह्या करणारे दोघं त्याच जीपमधून उतरले. झडतीचं चित्रीकरण करावं लागतं, तेही कुणी केलं नाही. छत्र कडब्यात सापडलं. आई मटकन खाली बसली, आणि आबा आत जाऊन जे भिंतीकडे तोंड करून निजले ते शंभूला न्यायला लागले तरी उठले नाहीत.

कोर्टाचं काम मात्र माझ्या ओळखीचं होतं. अॅडव्होकेट प्रगती माझी मैत्रीण, ती उभी राहिली. न्यायाधीशांनी दोन-तीनच प्रश्न विचारले. अटकेची कारणं लेखी दिली का? नाही. ताब्यात नक्की कधी घेतलं? उत्तर नाही. आरोपीला सोडण्याचा हुकूम झाला. पुढे वर्षभरानं खटलाच उरला नाही. त्या झडतीवर आणि त्या पंचांवर विसंबता येत नाही, असं कोर्टानं म्हटलं, आणि देवळात तो गप्प उभा राहिला हे तर पुरावा म्हणून कुणी हातातही धरलं नाही. हुकूम झाला त्या दिवशी मी त्याला घेऊन एसटीनं घरी आले. प्रवासात तो खिडकीशी डोकं टेकून झोपला होता आणि मी मनाशी ठरवत होते, आज आईला पुरणाचं करायला सांगू. आबा उंबऱ्यावर बसले होते. उठले नाहीत, सरकले नाहीत. ‘कोर्टानं सोडलं,’ ते मला म्हणाले, त्याच्याकडे बघितलंही नाही. ‘बिरोबानं सोडलंय का, त्ये सांग.’ शंभू अंगणातूनच वळला. मी त्याच्यामागे फाट्यापर्यंत पळत गेले. माझी चप्पल तुटली, मी ती हातात घेतली, तोवर तो कुणाच्या तरी टेम्पोत चढला होता. आई घरात होती. तिला आम्ही आल्याचं कळलंसुद्धा नव्हतं.

आज दुपारची रजा टाकून मी निघाले. मॅडमना भावाकडे जाते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, ‘अरे, तुम्हाला भाऊ आहे?’ इतकी वर्षं रोज समोर बसून काय बोललो आम्ही? बारामतीच्या स्टँडवरून नीरेची गाडी धरली. खिडकीतून उसाची शेतं मागे जात होती, काहींना तुरे आले होते, आणि मला लग्न न केलेल्या बाईला येतो तसा एक फुकटचा उमाळा आला. लग्न जमलं नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे मी जमू दिलं नाही. बारामतीत दोन खोल्या, नोकरी, आणि शनिवारी शेळगाव, एवढ्यात माझं भागत होतं. भागत होतं ते शंभूमुळे, हे तो गेल्यावर कळलं. शनिवारी मी फाट्यावर उतरायची आणि तो मोटारसायकल घेऊन उभा असायचा. वस्तीपर्यंतच्या त्या वाटेवर त्याला आठवडाभराचं सगळं सांगायचं असायचं. कुठल्या मेंढीला दोन कोकरं झाली, कुणाच्या उसाला तोड मिळाली, आबा कुणावर तापले. वारं सुटलेलं असायचं, मला निम्मं ऐकू यायचं नाही, आणि मी मागून ‘व्हय का? मग?’ म्हणत राहायची. तो पाळण्यात होता तेव्हा मी शाळेत जात होते. त्याला कडेवर घेऊन मेंढरांमागे फिरले, माझं कंबरडं वाकडं झालं म्हणून आई ओरडायची. आता फाट्यावर उतरते तेव्हा मी लगेच चालायला लागत नाही. थोडी उभी राहते. कुणी येणार नसतं, मला माहीत असतं, तरी उभी राहते. मग चालत जाते.

आणि तरीही माझ्या मनात एक कुसळ होतं. छत्र आमच्या कडब्यात सापडलं होतं. जीप तिथे उभी होती हे खरं, पण किल्ली त्याच्याकडे होती हेही खरं. कोर्ट जे बाजूला ठेवतं ते तिथल्या तिथे संपतं. मी मात्र ते उचलून घरी आणलं होतं, कपड्याला चिकटून यावं तसं. स्वयंपाक करताना टोचायचं, अंघोळीला टोचायचं. मी त्याला कधी विचारलं नाही. विचारायचं नाही हे मी शहाणपण समजत होते, पण गाडीत बसून पिशवीतल्या पुरचुंडीला हात लावला तेव्हा वाटलं, न विचारणं म्हणजे विश्वास नव्हे, भीतीच असेल. तो उचलील. माझ्यासाठी उचलील. आम्ही उद्याच शेळगावला जाऊ. आबा उंबऱ्यावरून सरकतील. मी इतकं सगळं रंगवलं की वडगाव आलं आणि कंडक्टरला हाक मारावी लागली.

फार्म गावापासून थोडा आत होता. उंच लाकडी फळ्यांवर शेळ्यांच्या रांगा, खाली स्वच्छ झाडलेलं. शंभू गमबूट घालून गव्हाण साफ करत होता. ‘आक्का!’ म्हणून तो ओरडला आणि हात पुसत आला. अंगानं भरला होता, गालांवर तेज होतं, आणि मला उगाचच राग आला. आमच्यावाचून याचं बरं चाललंय. मग त्यानं माझी पिशवी हातातून घेतली, नेहमी घ्यायचा तशी न विचारता, आणि राग कुठल्या कुठे गेला. मला रडायला आलं, ते मी खोकल्यात घातलं. त्याच्या खोलीपुढे बाजेवर बसलो. त्यानं चहा केला. शेजारच्या म्हशीचं विचारलं, विहिरीच्या पाण्याचं विचारलं, आईच्या दाढेचं विचारलं. आबांबद्दल नाही. ‘आन् काळी? गाभण हुती म्हणालीस मागं.’ ‘मेंढरं इकली, शंभू.’ तो बशी हातात धरून तसाच राहिला. ‘समदी?’ ‘समदी.’ त्यानं बशी खाली ठेवली. ‘कुणाला इकली? चांगल्या माणसाला तरी दिली का?’ मला माहीत नव्हतं. मी हो म्हटलं.

मग मी पुरचुंडी काढली. फडकं सोडून दोन्ही हातांवर त्याच्यापुढे धरली. त्यानं ओळखलं. गावाबाहेर कितीही राहिला तरी तो वास त्याला कळणारच.

‘आबांनी दिला?’

‘व्हय. दार उघडं हाय म्हणाले. तू ह्यो उचललास की.’

‘तू बी उचल म्हंतीस?’

व्हय म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. आईची मनगटावरची बोटं मला आठवत होती. काय होतं, चिमूटभर हळद, चार शब्द, आणि शनिवारी फाट्यावर मोटारसायकल. पण माझे हात मला दिसले. आबांनी ताट धरलं होतं तसे, पुढे केलेले. आवाजही माझा मऊच होता. त्या मऊ आवाजाच्या फौजदाराचा मी दोन वर्षं राग केला, आणि आज त्याच्याच जागी बसून माझ्या भावाला सांगत होते की बोल आणि घरी ये. याला काही बोलायची सक्ती करता येत नाही असं वस्तीपुढे म्हणणारी मीच होते ना? मला शरम वाटली. मी हात खाली घेतले आणि पुरचुंडी मांडीवर ठेवली.

‘न्हाय,’ मी म्हटलं. ‘उचलू नगंस. पर मला सांग, तवा का न्हाय उचललास?’

तो गमबुटाच्या टाचेनं माती उकरत होता. ‘दोन रात्री त्यांनी मला इचारलं, आक्का. झोपू दिलं न्हाय. म्या न्हाय म्हणलं, परत न्हाय म्हणलं. किती डाव म्हणलं, मला बी याद न्हाय. मग देवळात आणलं आन् आबा दिसलं. तवा वाटलं, सुटलो. आता मला बोलायचं कारणच न्हाय. आता आबा बोलतील. म्हंतील, पोरगं माझं हाय, मला ठावं हाय, सोडा त्याला.’ तो थांबला. ‘आन् आबांनी ताट धरलं.’

पुरचुंडीतून मांडीवर सांडलेली हळद मी बोटानं गोळा केली.

‘फौजदारानं धरलं आसतं तर उचललं आसतं की म्या. हसत उचललं आसतं. त्यो कोण माझा? पर आबांनी धरल्यावर हातच जाईना. त्यांनी ताट धरलं तवाच म्या चोर झालो.’

‘त्यांनी भरवशानं धरलं रं. मी त्यांचं तोंड बगितलं. तू उचलणारच, म्हणून धरलं.’

‘भरवसा हुता तर ताट कशाला?’

त्याला हवा तो शब्द मिळेना आणि आबांना तो कळेना, असं दोघांच्या मध्ये ते ताट दोन वर्षं तसंच धरलेलं होतं. माझ्या मनातलं कुसळ निघालं की नाही ते मी चाचपून बघितलं नाही. त्या क्षणी ते टोचत नव्हतं एवढं खरं. मी पुरचुंडीतला चिमूटभर भंडारा घेतला आणि त्याच्या कपाळाला लावला. जत्रेत कुणालाही लावतात तसा, काही न बोलता. त्यानं मान खाली केली, लहानपणी करायचा तशी. उरलेला मी परत बांधून पिशवीत टाकला आणि आईच्या नंबरवर फोन लावला.

आबांनीच उचलला. ते फोनला हात लावत नाहीत, म्हणजे सकाळपासून तो जवळ घेऊन बसले असणार.

‘उचलला का?’

‘न्हाय, आबा. म्या उचल म्हणलंच न्हाय.’

‘मग कशाला गेलीस?’

‘त्यो देवळात तुमची वाट बगत हुता, आबा. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाय, तरी तुमची वाट बगत हुता. तुमी बोलाल म्हणून गप हुता.’

‘म्या काय बोलायचं हुतं?’

‘माझं पोरगं चोर न्हाय. येवढंच.’

पलीकडून मोटारीचा आवाज येत होता, बहुतेक आमच्या विहिरीवरची. आईच्या बांगड्या वाजल्या, म्हणजे ती अगदी जवळ उभी होती. मी फोन कानाला इतका दाबला होता की कान दुखायला लागला. म्हणा की आबा, मी मनात म्हणत होते, चार शब्द आहेत, कुणी लिहून घेणार नाही, कुणी वाचून दाखवणार नाही, म्हणा. शंभू माझ्याकडे बघत नव्हता. समोरच्या शेळ्यांकडे बघत होता, पण गमबुटाची टाच थांबली होती.

‘हाय का त्यो तितं?’ आबांनी विचारलं. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

‘हाय.’

‘दे.’

मी फोन पुढे केला. त्यानं आधी हात पँटला पुसले, मग घेतला आणि कानाला लावला. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. तो काही बोलला नाही. आबाही बोलत नसावेत, कारण त्याचा चेहरा ऐकणाऱ्याचा नव्हता, वाट बघणाऱ्याचा होता. उन्हं उतरायला लागली होती, शेळ्यांची वैरणीची वेळ झाली होती आणि त्या फळ्यांवर खूर आपटत एकसारख्या ओरडत होत्या. ते ओरडणं शेळगावात आबांना ऐकू जात असणार. शंभूनं दुसरा हात कानावर ठेवला, पलीकडचं नीट ऐकू यावं म्हणून, आणि तसाच भिंतीला टेकून खाली बसला. दोघंही बोलेनात. फोन मात्र कुणीच ठेवला नाही. मी पदर खोचला, हिरव्या घासाचा भारा उचलला आणि त्याच्याऐवजी शेळ्यांना वैरण टाकायला गेले.